ग्लेनव्हिल ते कोलंबस : एका सरकारी शाळेतून ओहायो स्टेटला जाणारी फुटबॉलची वाट

कोलंबसकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटवर धागे भरपूर निघतात, कॉलेज फुटबॉलवर जवळजवळ नाहीतच. पण ओहायोत राहणारे आपले बरेच जण शनिवारी लाल-करडे टीशर्ट घालून फिरतात हे मला माहितीये, म्हणून हिंमत करून लिहितोय. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन, हातात घेऊन पळायचा.

मला लिहायचंय ते ग्लेनव्हिल हायस्कूलबद्दल. क्लीव्हलंडच्या पूर्व भागातली सरकारी शाळा. वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय, आणि एकेकाळी सुखवस्तू ज्यू कुटुंबांची होती. सुपरमॅन ज्या दोन पोरांनी तयार केला ते जेरी सीगल आणि जो शुस्टर १९३० च्या दशकात याच शाळेत शिकले. मग १९६८ च्या जुलैत इथे पोलीस आणि सशस्त्र गट यांच्यात गोळीबार झाला, दंगल पेटली, दुकानं गेली, ज्यांना जमलं ते उपनगरात निघून गेले, आणि मागे राहिलेल्या शाळेचं नाव पुढची तीस वर्षं बातम्यांमध्ये चांगल्या कारणाने फारसं आलं नाही.

आता याच शाळेतून ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला, म्हणजे तिथून साधारण २३० किलोमीटर दक्षिणेला कोलंबसला, कोण कोण गेलं बघा. ट्रॉय स्मिथ, क्वार्टरबॅक (पास टाकणारा, टीमचा सूत्रधार), २००६ चा हाइझमन ट्रॉफी विजेता, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. टेड जिन ज्युनियर, २००७ च्या ड्राफ्टमध्ये नववा. डॉन्टे व्हिटनर, त्याच्या आदल्या वर्षी आठवा. कार्डेल जोन्स, ज्याने २०१४ च्या सीझनचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. मार्शॉन लॅटिमोर, २०१७ ला अकरावा, आणि त्याच वर्षी एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, बेस्ट डिफेन्सिव्ह रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू). शिवाय जर्मेल हाइन्स, ब्रायंट ब्राउनिंग, रॉबर्ट रोज, रे स्मॉल, ख्रिश्चन ब्रायंट, मार्कस हॉल... एका शाळेतून. लोक याला ग्लेनव्हिल पाइपलाइन म्हणतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक माणूस आहे, टेड जिन सीनियर. स्वतः याच शाळेचा विद्यार्थी, मग याच शाळेत सिक्युरिटी गार्ड, सोबत फुटबॉलचा असिस्टंट कोच, आणि १९९७ पासून हेड कोच. सिक्युरिटी गार्डचं मी मुद्दाम लिहितोय. कोणता पोरगा पहिल्या तासाला गैरहजर असतो, कोण शाळा सुटल्यावर घरी जायला टाळतो, कोणाच्या भावाची कोणाशी भांडणं आहेत, हे मैदानावरच्या कोचला कळत नाही, कॉरिडॉरमध्ये दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला कळतं. त्यांचं कोचिंग तिथून सुरू झालं असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बस. श्रीमंत उपनगरातल्या मुलांना आईवडील गाडीत घालून कॉलेजांचे कॅम्प दाखवायला नेतात. ग्लेनव्हिलच्या पोरांपैकी कित्येकांनी क्लीव्हलंडच्या बाहेर पाय ठेवलेला नसायचा. जिन सीनियर उन्हाळ्यात बस करून पोरांना भरायचे आणि एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात न्यायचे. ओहायो स्टेटच काय, छोटी कॉलेजंही. कोच लोकांनी पोरं बघायची आणि पोरांनी डॉर्म, लायब्ररी, मेस बघायची. रिक्रूटिंग म्हणजे कॉलेजने पोर शोधणं असं आपण धरून चालतो, इथे शाळेनेच पोर नेऊन उभं केलं.

आणि तिसरं, जिम ट्रेसल. २००१ ला ट्रेसल ओहायो स्टेटचे कोच झाले. ते याच भागातले, त्यांचे वडील क्लीव्हलंडजवळच्या बरीआ गावात बाल्डविन-वॉलेसचे कोच होते, आणि स्वतः ट्रेसल त्याआधी यंग्सटाउनला होते, म्हणजे ईशान्य ओहायोतल्या शाळा आणि कोच त्यांना चांगले ठाऊक. आधीच्या काळात ओहायोतली चांगली पोरं मिशिगन युनिव्हर्सिटीला जायची आणि परत येऊन आपल्यालाच हरवायची. डेसमंड हॉवर्ड क्लीव्हलंडचाच, हाइझमन जिंकला मिशिगनसाठी, १९९१ ला. ट्रेसलनी आल्या आल्या ही गळती थांबवायला घेतली, आणि ग्लेनव्हिल त्यातलं पहिलं मोठं यश.

ट्रॉय स्मिथला २००२ च्या बॅचमधली शेवटची स्कॉलरशिप मिळाली होती. शेवटची! लहानपणी काही काळ फॉस्टर केअरमध्ये (सरकारने सोपवलेल्या दुसऱ्या कुटुंबात) राहिलेला, आधीच्या खाजगी शाळेतून काढून टाकलेला, मग ग्लेनव्हिलला आलेला मुलगा. ट्रेसलनी तो घेतला तो जिन सीनियरच्या शब्दावर, असंच मला वाटतं. पुढे मिशिगनविरुद्ध स्टार्टर म्हणून तीन सामने, तिन्ही जिंकले. १८ नोव्हेंबर २००६ चा सामना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पहिला नंबर विरुद्ध दुसरा नंबर, आदल्या दिवशी मिशिगनचे जुने कोच बो शेंबेक्लर गेलेले, स्टेडियममध्ये लाखावर माणूस, आणि ४२-३९. त्यात ट्रॉय स्मिथने टेड जिन ज्युनियरला ३९ यार्डांचा टचडाउन पास टाकला. दोघं ग्लेनव्हिलपासून एकमेकांना पास टाकत आलेले. तो बॉल हवेत असतानाच जिन कुठे असणार हे स्मिथला पाठ होतं.

मला यावर सगळ्यांचं मत ऐकायचंय. मला ही अमेरिकन कॉलेज खेळांमधली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. कोणाला तसं वाटत नसेल तर तेही लिहा.

---

मुग्धा_के

छान लिहिलंय. मी या खेळातली अगदीच अडाणी, तरी वाचून काढलं. एक बेसिक शंका. ड्राफ्टमध्ये नववा, अकरावा म्हणजे नक्की काय? आणि स्कॉलरशिप म्हणजे आपल्याकडे हुशार मुलांना मिळते तसली की पूर्ण खर्च?

---

कोलंबसकर

@मुग्धा_के ड्राफ्ट म्हणजे एनएफएलच्या ३२ टीम ओळीने एकेक कॉलेज खेळाडू निवडतात, सात फेऱ्या. पहिल्या फेरीत नववा म्हणजे देशभरातल्या हजारो खेळाडूंतून नववा, आणि त्या जागेचा करार कोट्यवधींचा असतो.

स्कॉलरशिप पूर्ण. फी, राहणं, जेवण, पुस्तकं. मोठ्या कॉलेजांना वर्षानुवर्षं ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती, २०२५ पासून ती गेली आणि त्याऐवजी टीममध्ये जास्तीत जास्त १०५ खेळाडू असा नियम आला. ८५ भागिले चार-पाच वर्षं, म्हणजे दरवर्षी साधारण वीस मुलं. आता सांगा, त्या विसात एकाच शाळेची तीन मुलं असणं काय गोष्ट आहे. २०१४ च्या बॅचमध्ये ग्लेनव्हिलचे तिघं होते, लॅटिमोर, एरिक स्मिथ आणि मार्सेलिस जोन्स.

---

अॅनआर्बरची_सई

आमच्या मिशिगनवरून बोललात म्हणून लिहितेय :)

पाइपलाइन म्हटलं की नळ एकाच टाकीत पडतो असं वाटतं, पण ग्लेनव्हिलचं तसं नाहीये हो. पियर वुड्स आमच्याकडे आला, तोही ट्रेसलच्या सुरुवातीच्या काळात. फ्रँक क्लार्क आमच्याकडे आला, पुढे कॅन्सस सिटीसोबत दोन सुपर बोल (एनएफएलची फायनल) जिंकला. विली हेन्री आमचा. आणि कोबी ब्रायंट तर सिनसिनाटीला गेला, ज्याचा मोठा भाऊ ख्रिश्चन तुमच्याकडे खेळला तोच, आणि २०२१ ला देशातल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅकचा थॉर्प अवॉर्ड घेऊन बसला. त्याच वर्षी सिनसिनाटी राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफला पोचली, लहान कॉन्फरन्समधून (कॉलेजांच्या लीगमधून) पोचलेली पहिली टीम. म्हणजे ओहायो स्टेटने सख्ख्या भावांतला एक घेतला आणि थॉर्पवाला सोडला.

मला यातून जिन सीनियरबद्दलचा आदर वाढतो, कमी होत नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा ओहायो स्टेटला, ट्रेसलशी घरोबा, तरी पोरगं मिशिगनला जायचं म्हणालं तर जाऊ दिलं. आमच्या कोचना त्या शाळेत कायम दार उघडं असायचं. बाकी काही शाळांचे कोच ठराविक कॉलेजची दलाली करतात असं इथे सर्रास बोललं जातं, त्या पार्श्वभूमीवर हे मोठं आहे.

---

कोलंबसकर

सई, अगदी बरोबर, आणि हे मीच मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. इलिनॉय, इंडियाना, टोलीडो, सगळीकडे ग्लेनव्हिलची पोरं गेलीयत. इंडियानाचा शेन विन आठवतोय? अंगाने एवढासा, मोठ्या टीमनी बघितलाही नसता. तो गेला कारण कोणीतरी त्याला नेऊन दाखवला.

---

विनायक_जे

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये.

मी इथे एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो (क्लीव्हलंडला नाही, दुसऱ्या राज्यात). मला पाइपलाइन या प्रकाराची भीती वाटते. तुम्ही दहा-बारा नावं दिलीत, पण प्रत्येक वर्षी शाळेच्या टीममध्ये पन्नास-साठ मुलं असतात. वीस-पंचवीस वर्षांत किती झाली? त्यातले ओहायो स्टेटला गेले ते वीसच्या आसपास. बाकीच्यांना काय स्वप्न विकलं आपण? माझ्या वर्गात अकरावीतली मुलं बसतात ज्यांना अपूर्णांक येत नाहीत आणि ज्यांचे कोच सांगतात काळजी करू नका सर, तो डी-वन (कॉलेज खेळांची सर्वात वरची पातळी) मटेरियल आहे. मग कोणाचा गुडघा जातो, कोणाची उंची दोन इंच कमी पडते, आणि वयाच्या अठराव्या वर्षी हातात काही नसतं. डोक्याच्या दुखापतींचं तर बोलायलाच नको.

कार्डेल जोन्सचं नाव घेतलंत, त्यानेच २०१२ ला ट्विट केलं होतं ना की आम्ही इथे फुटबॉल खेळायला आलोय, शाळा शाळा खेळायला नाही, क्लास निरर्थक आहेत. पोरगं खोटं बोललं नाही. जे आजूबाजूला बघितलं तेच बोललं.

---

कोलंबसकर

विनायक सर, राग कसला, हाच मुद्दा यायला हवा होता. मोठं उत्तर देतो.

कार्डेलचं ट्विट सगळ्यांना माहितीये, पण त्याचं पुढचं फार कमी लोकांना माहितीये. २०१४ च्या सीझनला तो तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक. ऑगस्टमध्ये ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला. नोव्हेंबरअखेर मिशिगनच्या सामन्यात जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला. पुढच्याच आठवड्यात बिग टेनची, म्हणजे ओहायो स्टेटच्या कॉन्फरन्सची, फायनल, आणि कार्डेलची कॉलेजमधली पहिली स्टार्ट. विस्कॉन्सिनला ५९-०. मग १ जानेवारी २०१५ ला शुगर बोलमध्ये अलाबामाला ४२-३५. मग १२ जानेवारीला ऑरेगॉनला ४२-२०, राष्ट्रीय विजेते. तोवर कॉलेजमध्ये तीनच सामने स्टार्ट केले आणि तीनही हे.

लगेच तीन दिवसांनी त्याने पत्रकार परिषद बोलावली. कुठे? क्लीव्हलंडला, जिन अकॅडमीत. सगळे धरून चाललेले की तो एनएफएलला जाणार, देशभरचे कॅमेरे हजर, टीव्हीवर लाइव्ह. आणि हा उठून सांगतो की मी परत कॉलेजला जातोय, मला डिग्री पूर्ण करायचीय. काही पत्रकार वैतागले, एवढ्यासाठी बोलावलं का म्हणाले. त्या शाळेतली पोरं समोर बसली होती हो. त्यांच्यातलाच एक, सव्वादोन वर्षांपूर्वी क्लास निरर्थक म्हणणारा, त्यांच्यासमोर उभा राहून कोट्यवधींच्या शक्यतेपेक्षा डिग्री आधी म्हणतोय, हे त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचलं असतं? २०१६ ला तो ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत गेला, म्हणजे थांबल्याने पैशाचं नुकसानच झालं असणार, पण २०१७ ला त्याने डिग्री घेतली. डोक्यावरच्या कॅपवर त्याने आपलं ते जुनं ट्विटच लावलं होतं.

आणि जिन अकॅडमी काय आहे ते सांगतो. २००७ मध्ये जिन सीनियरनी क्लीव्हलंडच्या शाळा खात्याबरोबर मिळून ही शाळा काढली, फक्त मुलांची सरकारी शाळा, ओहायोत तेव्हा अशी दुसरी नव्हती. तिथे स्वतःची फुटबॉल टीम नाही. ज्यांना खेळायचंय ते ग्लेनव्हिलकडून खेळतात, पण बहुतेक पोरं खेळाडू नसतातच. ज्या माणसाला फक्त ओहायो स्टेटला खेळाडू पुरवायचे असते तो फुटबॉल टीम नसलेली शाळा कशाला काढेल? मला वाटतं पाइपलाइन त्यांच्यासाठी कधीच मुद्दा नव्हता. मुद्दा पोरगं अठरा वर्षांचं होईपर्यंत जिवंत, तुरुंगाबाहेर आणि शाळेत असण्याचा होता. फुटबॉल हे त्याला रोज संध्याकाळी सहापर्यंत थांबवून ठेवायचं साधन.

तुमचा आकड्यांचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. वीस पोरं ओहायो स्टेटला गेली म्हणजे शेकडो गेली नाहीत. फरक एवढाच की त्या शेकड्यातल्या बऱ्याच जणांना टोलीडो, बोलिंग ग्रीन, अॅक्रन किंवा आणखी लहान कॉलेज दिसलं. ट्रॉय स्मिथ आणि जिनमुळे कॉलेजांचे कोच ग्लेनव्हिलला येऊ लागले, आणि आल्यावर त्यांनी बेंचवरची पोरंही पाहिली. एक मोठं नाव मागच्या दहा जणांसाठी दार उघडतं, पाइपलाइनचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

---

विनायक_जे

हे जिन अकॅडमीचं माहीत नव्हतं. फुटबॉल नसलेली शाळा, हे पटलं. तरी दुखापतीचा मुद्दा राहतोच.

---

दादरचा_सचिन

मला हे वाचून सारखे आचरेकर सर आठवतायत. शारदाश्रम, शिवाजी पार्क, सचिन-कांबळी ६६४, आमरे, चंदू पंडित, नंतर आगरकर, पोवार. एक कोच, एक शाळा आणि तिथून मुंबईची टीम. सचिनची शाळासुद्धा सरांच्या सांगण्यावरून बदलली होती. तेही पाइपलाइनच की!

---

कोलंबसकर

@दादरचा_सचिन जिव्हाळ्याच्या बाबतीत शंभर टक्के. पण एक मोठा फरक आहे. आचरेकर सरांच्या पोराला मुंबईच्या टीममध्ये जायला मधे कॉलेजची पायरी सक्तीची नव्हती, दहावी-बारावीचे मार्क कोणी विचारले नाहीत. इथे एनएफएलला जायचं तर हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं थांबावंच लागतं, म्हणजे कॉलेज टाळता येत नाही. आणि कॉलेजला वरच्या पातळीवर खेळायचं तर एनसीएएची (कॉलेज खेळांची नियामक संस्था) अट आहे, हायस्कूलमध्ये ठराविक १६ कोअर विषय आणि त्यात किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी). पूर्वी सॅट किंवा एसीटीचे मार्कही लागायचे, ती अट २०२३ ला काढली. त्यामुळे इथल्या शाळेच्या कोचला पोराच्या इंग्रजीच्या मार्कांची काळजी करावीच लागते. नववीत विषय चुकीचे घेतले तर बारावीत कितीही पळाला तरी उपयोग नाही, हे कित्येक घरात फार उशिरा कळतं.

---

हर्षद_बी

मी २००४ ते २००८ कोलंबसला मास्टर्स आणि मग नोकरी अशी वर्षं काढली, त्यामुळे ती सगळी मजा प्रत्यक्ष पाहिलीय. एक प्रसंग लिहितो.

८ जानेवारी २००७, फ्लोरिडाविरुद्ध राष्ट्रीय फायनल. आमच्या अपार्टमेंटमध्ये पंधरावीस देशी पोरं, टीव्ही एकाचा, सोफा दुसऱ्याचा. पहिलाच किक, टेड जिन ज्युनियरने घेतला आणि ९३ यार्ड पळत थेट टचडाउन. त्याला पळताना पाहणं म्हणजे वेगळंच होतं, तो शाळेत अडथळ्यांच्या शर्यतीतला राज्य चॅम्पियन, त्यामुळे समोर कोणी आडवा आला तरी पायांची लय मोडायची नाही. बाकीचे धावताना जमिनीला मारतात असं वाटायचं, याचे पाय लागतायत का नाही तेच कळायचं नाही. सगळी बिल्डिंग ओरडली. आणि मग आनंदात टीममेट त्याच्या अंगावर पडले, त्यात त्याच्या पायाला दुखापत झाली आणि तो परत आलाच नाही. एका पोराशिवाय ट्रॉय स्मिथ पार एकटा पडला. १४ पैकी ४ पास, ३५ यार्ड. हाइझमन विजेता! ४१-१४ हरलो. मला तेव्हापासून वाटतं की ती टीम ओहायो स्टेटची होती त्याहून जास्त ग्लेनव्हिलची होती, एक गेला की दुसऱ्याचं काही चालेना.

---

अॅनआर्बरची_सई

फ्लोरिडाचे कोच तेव्हा अर्बन मायर. पाच वर्षांनी तेच ओहायो स्टेटला आले आणि कार्डेलला घेऊन जिंकले. आमच्या बाजूने बघायला दोन्ही त्रासदायक.

---

मुग्धा_के

मग आता ही पाइपलाइन चालू आहे का? ट्रेसल तर गेले ना?

---

कोलंबसकर

ट्रेसल २०११ च्या मे महिन्यात गेले. खेळाडूंनी जर्सी-ट्रॉफ्या देऊन टॅटू करून घेतल्याचं प्रकरण आणि त्यांनी ते लपवल्याचं. (आता ते ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नर आहेत, फेब्रुवारी २०२५ पासून.) नंतर मायरनी सुरुवातीला ग्लेनव्हिलशी संबंध टिकवले, लॅटिमोर त्यांच्याच काळात आला. पहिली दोन वर्षं हॅमस्ट्रिंगमुळे तो जवळजवळ खेळलाच नाही, २०१६ ला एकच पूर्ण सीझन खेळला आणि थेट अकरावा गेला. पण २०१४ च्या त्या तिघांनंतर ग्लेनव्हिलहून कोलंबसला येणं बंदच पडलं. मायर देशभर रिक्रूटिंग करायला लागले, फ्लोरिडा, टेक्सास, जॉर्जिया. निक आणि जोई बोसा दोघंही फोर्ट लॉडरडेलच्या सेंट थॉमस अक्वायनसचे, ती पण एक पाइपलाइनच, पण ती शाळा श्रीमंत, खाजगी, आणि तिथले पालक स्वतः एनएफएलवाले. मला ती पाइपलाइन कितीही हिरे देऊ दे, जीव लागत नाही.

याच काळात क्लीव्हलंडची लोकसंख्या घटत होती, शाळेतली मुलं कमी होत होती, आणि चांगली खेळणारी पोरं सेंट इग्नेशियस, सेंट एडवर्डसारख्या कॅथलिक शाळा ओढून नेत होत्या. ग्लेनव्हिल मोठ्या शाळांच्या पहिल्या गटातून खाली चौथ्या गटात आली.

आणि मग २०२२. इथे मला सविस्तर लिहायचंय. क्लीव्हलंडच्या सरकारी शाळांपैकी एकीनेही तोवर राज्याचं फुटबॉल विजेतेपद प्लेऑफमधून जिंकलं नव्हतं. ट्रॉय स्मिथच्या ग्लेनव्हिलने नाही, जिन ज्युनियरच्या नाही, कार्डेलच्या नाही. २००९ ला फायनलला पोचले आणि हिलियर्ड डेव्हिडसनकडून १६-१५ असे हरले, एका गुणाने. एवढे एनएफएल खेळाडू देऊनही ट्रॉफी नाही. डिसेंबर २०२२ ला कँटनमध्ये, हॉल ऑफ फेमच्या शेजारच्या स्टेडियममध्ये, ग्लेनव्हिलने वायोमिंगला (सिनसिनाटीजवळची शाळा, ते राज्य नव्हे) २६-६ हरवलं. पंचवीस वर्षं हेड कोच राहिल्यावर जिन सीनियरना पहिलं विजेतेपद. पुढच्या वर्षी परत जिंकले, ३८-३.

त्याच टीममधला आर्वेल रीस २०२३ च्या बॅचमध्ये ओहायो स्टेटला आला, लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला). पुढच्या वर्षी ब्राइस वेस्ट आणि डॅमेरियन विटन. म्हणजे नऊ वर्षं कोरडी गेल्यावर परत चालू. आणि रीसचा खेळ ज्यांनी २०२५ ला पाहिला त्यांना वेगळं सांगायची गरज नाही, तो एकाच सामन्यात लाइनबॅकर म्हणून पासच्या मागे पळायचा आणि पुढच्या डावाला कडेवरून क्वार्टरबॅकवर तुटून पडायचा.

---

हर्षद_बी

पण आता एनआयएल (खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा) आणि ट्रान्सफर पोर्टलच्या (एका कॉलेजातून दुसऱ्यात जायची सोय) जमान्यात याला काय अर्थ राहिला? २०२१ पासून पोरं जाहिरातींचे पैसे घेऊ शकतात, आता तर कॉलेजच थेट पैसे देतात. जो जास्त देईल तिकडे पोरगं जाणार. कोचचा शब्द, घरोबा वगैरे आता इतिहासजमा.

---

कोलंबसकर

अर्धं पटतं. पैसा आला हे मला चुकीचं वाटत नाही. ट्रॉय स्मिथला एका हितचिंतकाकडून ५०० डॉलर घेतले म्हणून दोन सामने बाहेर बसवलं होतं, २००४ चा अलामो बोल आणि पुढच्या सीझनची पहिली मॅच. ज्या पोराच्या नावाने कॉलेज टीशर्ट विकतंय त्याच्या खिशात ५०० डॉलर आल्यावर शिक्षा! आज त्याच पोराने त्याच्या हजार पट कायदेशीर कमावले असते आणि आईला घर घेऊन दिलं असतं. ग्लेनव्हिलच्या पोरांसाठी हे चांगलंच झालं.

वाईट झालं ते पोर्टलमुळे, आणि तेही मोठ्या पोरांचं नाही, मधल्यांचं. आता कॉलेजच्या कोचला हायस्कूलचा अठरा वर्षांचा कच्चा पोरगा घेऊन तीन वर्षं घडवण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला तयार बावीस वर्षांचा घेणं सोपं वाटतं. रीससारखा असेल तर त्याला घेतातच. पण २००२ चा ट्रॉय स्मिथ, शेवटच्या स्कॉलरशिपवाला, तो आज कोणी घेईल? मला शंका आहे. ती शेवटची जागा आज पोर्टलला जाते. ही गोष्ट मला खरंच टोचते, कारण पाइपलाइनचं सगळं सौंदर्य त्या शेवटच्या जागेत होतं.

---

रेवती_आई

नमस्कार, मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही कोलंबसच्या उपनगरात राहतो. मुलगा दहावीत आहे, उंच आणि जाड, ऑफेन्सिव्ह लाइनला खेळतो. त्याच्या शाळेच्या कोचनी आम्हाला अजून काहीच सांगितलं नाही, विचारलं तर म्हणतात वेळ आहे. नातेवाईक म्हणतात हे काय खुळ, अभ्यास कर. ओहायो स्टेट वगैरे नाही हो, तेवढा तो नाहीये आम्हालाही कळतं. पण त्याला कॉलेजला खेळायची फार इच्छा आहे. कोलंबसकर, तुम्हाला एवढी माहिती आहे तर काय करावं सांगाल का?

---

कोलंबसकर

रेवतीताई, खूप छान, आणि कृपया त्याला खुळ म्हणू देऊ नका कोणाला.

पहिलं, उद्याच शाळेच्या काउन्सिलरला भेटा, कोचला नाही. १६ कोअर विषयांची यादी मागा आणि त्याचे नववीचे विषय त्यात बसतायत का ते तपासा. दहावीत कळलं तर दुरुस्त करता येतं. मग एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर त्याचं खातं उघडा, प्रोफाइल फुकट असतं.

दुसरं, त्याचा व्हिडिओ. शाळा सामने रेकॉर्ड करतेच, त्यातून तीन-चार मिनिटांचा काढा. लाइनमनचा असेल तर पहिल्या तीस सेकंदातच त्याचे पाय दिसले पाहिजेत, नुसता समोरच्याला पाडलेला नको. कॉलेजचे कोच लाइनमनचे पाय बघतात.

तिसरं, आणि हेच जिन सीनियर करायचे, येत्या उन्हाळ्यात त्याला गाडीत घाला आणि छोट्या कॉलेजांच्या एक दिवसाच्या कॅम्पला न्या. टोलीडो, ओहायो युनिव्हर्सिटी, मायामी-ओहायो हे वरचं टोक. पण डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांचा तिसरा गट) विसरू नका. अलायन्सचं माउंट युनियन, ज्यांनी तेरा वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलंय, आणि क्लीव्हलंडजवळचं जॉन कॅरोल. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण अभ्यासावर आणि गरजेप्रमाणे मदत मिळते, आणि तुमच्या मुलाचे मार्क चांगले असतील तर ती मदत कधीकधी खेळाच्या अर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा जास्त बसते. त्या कोचना तुम्ही स्वतः ईमेल करू शकता. मुलाने स्वतः केली तर आणखी चांगलं.

---

विनायक_जे

रेवतीताई, एक शिक्षक म्हणून भर घालतो. काउन्सिलरला विचारताना गणिताचं नक्की विचारा. अल्जेब्रा वनच्या खालचा गणिताचा कोर्स कोअरमध्ये धरत नाहीत, आणि काही शाळांत सोपे पर्यायी कोर्स असतात जे शाळेच्या पासिंगला चालतात पण एनसीएएला चालत नाहीत. माझ्या दोन विद्यार्थ्यांचं नुकसान यात झालंय. आणि दुखापतींसाठी, शाळेत ट्रेनर पूर्णवेळ आहे का, डोक्याला लागल्यावर परत मैदानात कोण सोडतं, कोच की ट्रेनर, हेही विचारा.

---

रेवती_आई

खूप आभार दोघांचेही. गणित अल्जेब्रा टू चालू आहे, ते ठीक असेल ना? ट्रेनरचं विचारते. माउंट युनियनचा कॅम्प कधी असतो साधारण?

---

कोलंबसकर

अल्जेब्रा टू म्हणजे उत्तम, चिंता नको. कॅम्प बहुतेक जून-जुलैत असतात, त्यांच्या फुटबॉलच्या वेबसाइटवर वसंतात तारखा टाकतात. आम्ही दोघंतिघं दरवर्षी त्या बाजूला जातो, यंदा तुम्ही येणार असाल तर एकत्रच निघू, मेसेज करा.